बीपी नॉर्मल असताना बाबांना रॅमिप्रिल कशाला? आणि हा खोकला त्याचाच का?

फोंड्याची_बाय

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. डायबेटिस खूप जुना, बीपी पण आहे पण अॅम्लोडिपिन ५ वर एकदम व्यवस्थित, घरच्या मशीनवर १२८/७८ च्या आसपास येतं. जूनमध्ये चेकअपला गेलो तेव्हा डॉक्टरांनी लघवीची एसीआर टेस्ट (लघवीत अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातंय ते बघायची) करून घेतली, ती आली २४०, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळतेय का ते दाखवणारं) १.२. त्यावर रॅमिप्रिल २.५ सुरू केली. ओपीडीत ही गर्दी, बाबांनी विचारलं कशासाठी तर "किडनीसाठी" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक. घरी येऊन नेटवर बघते तर ही बीपीची गोळी! बीपी तर कंट्रोलमध्ये आहे, मग अजून एक कशाला?

पुढची गंमत ऐका. दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलेलं, त्यात क्रिएटिनिन १.४ आलं आणि पोटॅशियम ४.५ वरून ४.९. आमचा मडगावचा मामा रविवारी जेवायला आलेला, त्याने माशाची कढी ओरपता ओरपता रिपोर्ट वाचला आणि जाहीर करून टाकलं की ह्याच गोळीने किडन्या जातात, त्याच्या ओळखीत कुणालातरी डायलिसिसवर जावं लागलं, आजच बंद करा. बाबा तेव्हापासून गोळी घेतात पण तोंड वाकडं करून, आणि एखाद दिवस गुपचूप चुकवतात पण असा मला संशय आहे.

आणि खोकला. कोरडा, घशात सारखी खवखव, कफ काहीच नाही, रात्री आडवे झाले की जास्त. आई म्हणते पावसात भिंतींना बुरशी आलीय त्याचा आहे, म्हणून आलं-मिरी-तुळशीचा काढा चालू आहे आणि वर फार्मसीतून सिरपच्या बाटल्या. ढिम्म फरक नाही.

कुणाला माहिती असेल तर नीट समजावून सांगा प्लीज. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर मामा रोज फोन करणार.

निवृत्त_फार्मासिस्ट

मी म्हापशात बरीच वर्षं काउंटरच्या मागे काढली, हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारलाय की सांगता सोय नाही. पहिलं म्हणजे बाबांना सांगा गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि अधूनमधून चुकवायची तर अजिबात नाही.

आता गोळी करते काय ते. शरीरात बीपी सांभाळायची एक साखळी आहे. किडनीला वाटलं की रक्त कमी पोचतंय की ती रेनिन सोडते. लिव्हरने तयार केलेलं एक प्रोटीन रक्तात फिरत असतं, त्याचा तुकडा रेनिन पाडतं, तो झाला अँजिओटेन्सिन वन. हा तसा निरुपद्रवी. मग मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर बसलेलं एसीई नावाचं एन्झाइम त्याला अजून छाटतं आणि होतो अँजिओटेन्सिन टू, खरा दांडगेश्वर हाच. हा रक्तवाहिन्या आवळतो, अॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतो, त्याने शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं. एसीई इनहिबिटर म्हणजे त्या एन्झाइमचे हात बांधणारं औषध. टू बनलाच नाही की वाहिन्या सैल, मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर, हृदयावरचा भार कमी. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिन्डोप्रिल, ज्याच्या नावाच्या शेवटी प्रिल ते सगळे ह्याच घराण्यातले.

खोकल्याचं उत्तर पण इथेच आहे. हे एसीई दुसरं एक काम करतं, ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकायचं. एन्झाइम बांधलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि घशातल्या, श्वासनळीतल्या नसा चाळवतात. म्हणून कोरडा खोकला. साधारण दहातल्या एकाला होतो, बायकांना जास्त. कधी गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत तर कधी काही महिन्यांनी, त्यामुळे लोकांना संबंधच लागत नाही आणि आमच्याकडे सिरपचा खप वाढतो. काढा, सिरप, लेमनग्रास, कशानेच जाणार नाही, कारण मूळ गोळीत आहे. डोस कमी करूनही सहसा जात नाही. गोळी बदलली की एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित थोडा जास्त वेळ. बदलायची कशाशी, तर टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे सार्टनवाल्यांशी. ते अँजिओटेन्सिन टू बनू देतात पण तो जिथे जाऊन चिकटतो ती जागा अडवतात, एसीईला हात लावत नाहीत म्हणून खोकला सहसा नाही.

पण ठरवणार डॉक्टर. हे वाचून थेट फार्मसीत जाऊन टेल्मिसार्टन मागू नका, आणि दोन्ही एकत्र तर मुळीच नको.

मानकुराद

सगळं ठीक आहे हो, पण ही गोळी सापाच्या विषापासून काढलेली आहे हे कुणी सांगत नाही पेशंटला. गुगल करा. माझे आजोबा ९१ वर्षं जगले, सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सोबत खारातली कैरी, एक गोळी घेतली नाही कधी. आता बघावं तिथे चाळिशीतल्या माणसाला बीपीची गोळी. मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीये. क्रिएटिनिन वाढलं हे रिपोर्टमध्ये आहे ना?

एमडी_डिचोली

फिजिशियन आहे, फोरमवर कुणाला ट्रीटमेंट देत नाही, पण ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

मानकुराद, सापाची गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती अर्धी फार छान आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप, तो चावला की माणसाचं बीपी धाडकन खाली येतं. सर्जिओ फेरेरा नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६५ च्या सुमारास त्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक शोधले, पुढे लक्षात आलं की तेच घटक एसीईला पण अडवतात. ते तोंडाने घेऊन उपयोग नव्हता, पोटात पचून जायचे. मग अमेरिकेत कुशमन आणि ओंडेटी ह्या दोघांनी त्या एन्झाइमच्या खाचेत बसेल असा छोटा रेणू प्रयोगशाळेत घडवला, तो कॅप्टोप्रिल, १९८१ ला अमेरिकेत मंजूर झाला. गोळीत विष नाही, साप नाही, कल्पना तेवढी सापाची. आजोबांना माझा नमस्कार, पण त्यांच्या एसीआरचा रिपोर्ट आपल्याकडे नाही.

आता क्रिएटिनिन. बाय, हे नीट वाच आणि मामाला पण वाचायला दे. किडनीत लाखो बारीक गाळण्या. प्रत्येकीत रक्त एका नळीने आत येतं आणि दुसरीने बाहेर जातं. अँजिओटेन्सिन टू बाहेर जाणारी नळी जास्त आवळतो. माडांना पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की मागे पाइप कसा फुगतो, तसा गाळणीत दाब वाढतो. डायबेटिसमध्ये हा दाब वर्षानुवर्षं राहतो, गाळणी झिजते आणि अल्ब्युमिन लघवीत गळायला लागतं. एसीआर ३० च्या खाली हवं, बाबांचं २४० आहे म्हणजे गळती चालू झालीय आणि ती हातावर मशीन लावून दिसत नाही. एसीई इनहिबिटर बाहेरची नळी सैल करतो, गाळणीतला दाब उतरतो, गळती कमी होते. म्हणून बीपी १२८ असलं तरी ही गोळी. अॅम्लोडिपिन बीपी छान उतरवते पण गाळणीच्या आतल्या दाबावर तिचा असा परिणाम नाही.

आता दाब उतरला म्हणजे सुरुवातीला गाळण्याचा वेग पण थोडा कमी होणार आणि क्रिएटिनिन थोडं चढणार. हे अपेक्षितच आहे, ३० टक्क्यांपर्यंत वाढ चालते, पुढे स्थिर होते. १.२ वरून १.४ म्हणजे १७ टक्के. म्हणजे गोळी जिथे पोचायला हवी तिथे पोचली. ३० च्या वर गेलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर मग आम्ही थांबतो, डोस कमी करतो, कारण शोधतो, पेशंटला जुलाब-उलट्या झाल्यात का, गुडघ्यासाठी डायक्लोसारखी पेनकिलर खातोय का, दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद आहेत का. त्यासाठीच एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी ते सांगितलं होतं म्हणजे माणूस काम व्यवस्थित करतोय, बोलायला वेळ नव्हता एवढंच. मामाच्या ओळखीतल्या माणसाचं काय झालं मला माहीत नाही, पण डायबेटिसने किडनी जाताना पेशंट बहुतेक वेळा ही गोळी घेतच असतो, आणि मग नाव गोळीचं होतं.

हे सगळं हवेत नाही. १९९३ मध्ये टाइप वन डायबेटिसवाल्यांवर कॅप्टोप्रिलचा अभ्यास आला, त्यात क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. टाइप टूमध्ये २००१ ला लोसार्टन आणि इर्बेसार्टनने किडनी वाचते असं दिसलं. २००० साली रॅमिप्रिल १० मिलिग्रॅमचा मोठा अभ्यास आला, नऊ हजारांवर माणसं, सगळी हृदयविकाराचा धोका असलेली, बऱ्याच जणांचं बीपी ठीकठाकच होतं, तरी हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयाने होणारे मृत्यू मिळून १७.८ टक्क्यांवरून १४ वर आले. म्हणजे ही नुसती बीपीची गोळी नाही. हाय बीपी, हार्ट फेल्युअर, हार्ट अटॅक नंतर पंप कमजोर झाला असेल तर, आणि लघवीत प्रोटीन जाणारी किडनी, ह्या चारही ठिकाणी आम्ही हिचा विचार करतो.

खोकल्याबद्दल फार्मासिस्ट काकांनी बरोबर सांगितलंय, फक्त एक जोडतो, गोळी घेणाऱ्या माणसाचा प्रत्येक खोकला गोळीचाच नसतो. ताप, वजन उतरणं, कफात रक्त, धाप, पायांना सूज, असं काही असेल तर आधी छाती तपासायची. आणि ओठ, जीभ, चेहरा सुजला, आवाज बदलला, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर ती अॅलर्जी म्हणून घरची गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. क्वचित होतं, हजारात काही जणांनाच, पण झालं तर परत आयुष्यात प्रिलवाली गोळी नाही.

फोंड्याची_बाय

बापरे, एवढं कुणी आजवर समजावलं नव्हतं. देव बरें करो तुमचं. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, अंगठ्याचं त्यांना लगेच पटलं, आयुष्यभर माडांना पाणी घातलंय.

आता अजून एक विचारते, हसू नका. दारात तीन माड आहेत, बाबा रोज सकाळी एक आडसर (शहाळं) पितात, उन्हाळ्यात दोन. आणि बीपी म्हणून आत्याने लो सोडियम मीठ आणून दिलंय, तेच सगळ्या स्वयंपाकात घालतो. पोटॅशियम वाढलं त्याचा ह्याच्याशी संबंध असेल का? डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं काही विचारलंच नव्हतं. गुडघ्यासाठी मात्र ते अधूनमधून एक पेनकिलर घेतात, फार्मसीवाला न विचारता देतो.

एमडी_डिचोली

हसतोय कसला, हाच तर नेमका प्रश्न. अल्डोस्टेरॉन कमी झालं की किडनी पोटॅशियम कमी बाहेर टाकते, आणि लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चांगलं, पण किडनीला धक्का लागलेला, वर ही गोळी, त्याला नको. साधं मीठच वापरा पण कमी, आणि आपल्याकडचं खरं मीठ डब्यात नसतंच, ते सुक्या बांगड्यात, सुक्या सुंगटांच्या किसमुरीत, खारवलेल्या माशाच्या पार्‍यात आणि लोणच्यात असतं, तिथे हात आखडा. आडसराच्या पाण्यात एका केळ्याइतकं किंवा जास्त पोटॅशियम असतं. ४.९ ला मी आडसर बंद करा म्हणणार नाही, पण रोजचं नको, आणि पुढच्या टेस्टच्या आधी डॉक्टरांना हे दोन्ही जरूर सांगा.

पेनकिलर मात्र बंद. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असली औषधं गाळणीत आत येणारी नळी आवळतात, ही गोळी बाहेरची सैल करते, दोन्ही बाजूंनी दाब गेला की किडनी गाळणार काय. त्यात लघवी होण्याची गोळी असेल आणि पेशंटला जुलाब लागले तर दोन दिवसांत क्रिएटिनिन तीनवर गेलेलं मी बघितलंय. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, अन्नपाणी पोटात राहत नाहीये, तर रॅमिप्रिलचं काय करायचं ते डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारायचं, तेवढ्यापुरती थांबवायला सांगू शकतात.

धालो_फुगडी

माझ्या आईचा अनुभव लिहिते, तिचं प्रकरण वेगळं, हार्ट फेल्युअर. अटॅकनंतर इकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलं, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात अॅडमिट होती. तिथे एनालाप्रिल २.५ सकाळ-संध्याकाळ सुरू केलेलं. पहिल्या दिवशी नर्सने बजावलं होतं की गोळी घेतल्यावर एकदम उठायचं नाही, आधी पलंगाच्या कडेला बसायचं, आणि आई म्हणजे आई, देवाला दिवा लावायचाय म्हणून ताडकन उठली आणि भिंतीला धरून बसावं लागलं. लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांना सुरुवातीला असं होतं म्हणे. मग हळूहळू डोस वाढवत नेला, दर वेळी रक्त तपासून.

तिला खोकला नव्हता. नंतर डॉक्टरांनी सॅक्युबिट्रिल-वालसार्टन ह्या हार्ट फेल्युअरच्या दुसऱ्या गोळीवर नेलं तेव्हा मात्र एनालाप्रिल बंद करून ३६ तास थांबायला सांगितलं, मध्ये काहीच नाही, कारण दोन्ही एकत्र झाली तर ती तोंड सुजायची भीती असते. मी घड्याळ लावून बसलेली. ज्यांच्या घरी जुन्या गोळ्यांची पट्टी उरलेली असते त्यांनी ती डब्यातून काढून टाका, आमची आजी अजून "उगाच वाया कशाला" म्हणून ठेवते.

मानकुराद

ठीक आहे, मान्य. सापाचं डॉक्टरांनी सांगितलं ते आवडलं. पण मग थेट सार्टनच का देत नाहीत सगळ्यांना? खोकल्याची कटकटच नको.

निवृत्त_फार्मासिस्ट

हल्ली बरेच डॉक्टर तेच करतात, आपल्याकडे तर टेल्मिसार्टन चण्या-फुटाण्यासारखं खपतं. २००८ साली रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन समोरासमोर लावून बघितले, फायदा सारखाच निघाला, खोकल्यामुळे गोळी सोडणारे रॅमिप्रिलवर ४.२ टक्के आणि टेल्मिसार्टनवर १.१. आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांना जास्तीचा फायदा शून्य, उलट चक्कर आणि किडनीचा त्रास जास्त. म्हणून म्हटलं वर, एकत्र नको. अटॅकनंतर आणि हार्ट फेल्युअरमध्ये मात्र प्रिलवाल्यांचा पुरावा जुना आणि भरभक्कम, त्यामुळे तिथे अजून पहिला हात तिकडे जातो. आणि दहातल्या नऊ जणांना खोकला होतच नाही हे विसरू नका. जेनेरिक घेतली तर दोन्ही स्वस्त आहेत, जनऔषधी दुकानात बघा.

फोंड्याची_बाय

अपडेट देते. काल जाऊन आलो. ह्या वेळी मी कागदावर लिहून नेलं होतं, खोकला, लो सोडियम मीठ, आडसर, पेनकिलर. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढायला लावला, तो साफ. रॅमिप्रिल बंद, टेल्मिसार्टन ४० सुरू, परत दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम आणि तीन महिन्यांनी एसीआर. पेनकिलरचं ऐकून बाबांवर चांगलेच भडकले. मामाला फोन करून सांगितलं की क्रिएटिनिन १७ टक्के वाढणं अपेक्षित असतं, तर म्हणतो "बरं बरं, पण माझ्या ओळखीत..." सोडून दिलं.

सत्तरी_वाळपय

धागा वाचून एक विचारतो. बायको ३३ ची, दोन वर्षांपूर्वी बीपी निघालं, तेव्हापासून एनालाप्रिल ५ वर आहे, बीपी छान. आता आम्ही बाळाचा विचार करतोय. काही प्रॉब्लेम नाही ना?

एमडी_डिचोली

आहे, आणि बरं झालं आधी विचारलंस. प्रेग्नन्सीत एसीई इनहिबिटर चालत नाही, सार्टन पण नाही. बाळाची किडनी नीट वाढायला तीच अँजिओटेन्सिनची साखळी लागते, ती अडली तर विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे बाळाची लघवी कमी होते, गर्भाशयातलं पाणी कमी होतं, बाळाची किडनी निकामी होऊ शकते. त्यामुळे दिवस राहायच्या आधीच गोळी बदलायची. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही प्रेग्नन्सीत वापरली जाणारी औषधं आहेत, तिच्यासाठी कुठलं ते फिजिशियन आणि गायनॅक मिळून ठरवतील. तोवर तिने स्वतःहून गोळी सोडायची नाही, बीपी वर गेलं तर तेही वाईटच. ह्या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, नवी गोळी लागू पडून बीपी स्थिर होईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवा, आणि मध्येच पाळी चुकली तर वाट न बघता त्याच दिवशी टेस्ट करून डॉक्टरांना फोन. डिलिव्हरीनंतर दूध पाजत असताना एनालाप्रिल परत सुरू करता येतं, तेव्हा विचारून घ्या.